उजव्या कडेची पिवळी पिशवी

ती. सौ. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवली आहेत असं समजावं. त्यातही उजव्या हाताचा अंगठा जरा जास्त घासला आहे, कारण ते वाक्य ज्याने टाइप केलं तो हाच.) इकडे सर्व ठीक. म्हणजे माझा घसा बसला आहे, स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे आणि तुमच्या जाऊबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात, पण ‘सर्व ठीक’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? दादा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि तुम्ही दोघं मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहता, यावर मी दर वेळी तोच विनोद करतो आणि तुम्ही दर वेळी नव्याने हसता. गेले सात आठवडे तो विनोद करायची सोय राहिलेली नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

माफी मागायलाच बसलो आहे, पण माझा स्वभाव तुम्ही जाणता, मुद्द्यावर येईपर्यंत माझा चहा दोनदा गार होतो. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो (याला सबब म्हणू नका, म्हटलंत तरी चालेल). सव्वीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. औषधाच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो आणि जो जगात कोणीच वाचत नाही, तो मी तीनदा वाचतो. त्यामुळे माझ्या नजरेला एकच काम येतं, चूक शोधायची. चूक दिसली की हात आपसूक लाल पेनाकडे जातो. मागे शेजाऱ्यांनी मुलीचं परगावाहून आलेलं पत्र मोठ्या कौतुकाने वाचायला दिलं, तर मी त्यातले अनुस्वार दुरुस्त करून परत केलं. ते आता जिन्यात भेटले की छताकडे बघतात. अशा माणसाला फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये घेणं हीच मुळात दादाची चूक होती, असं लिहिणार होतो, पण तुमच्या जाऊबाईंनी ते वाक्य खोडायला लावलं. (खोडलं आहे. वरचं वाचू नये.)

तो ग्रुप तुम्हाला ऐकून माहीत आहे, पण आतून कसा चालतो ते माहीत नसेल. सोमवारी सगळ्यांनी आपापला ताजा फोटो टाकायचा आणि बुधवारपर्यंत बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचं. सेक्रेटरी दंतवैद्य आहेत. एक निवृत्त बसचालक आहेत, ते फक्त पक्षी काढतात, आणि तेही उडून गेल्यानंतरचे. आणि एक आहेत ‘अप्रतिमकाका’, जे कशालाही अप्रतिम म्हणतात. एका सोमवारी दंतवैद्यांनी चुकून कुणाच्या तरी दाढांचा एक्स-रे ग्रुपवर टाकला. अप्रतिमकाकांनी अप्रतिम लिहिलं, बसचालकांनी राखाडी छटांचं कौतुक केलं, आणि मी लिहिलं की डावीकडची जागा रिकामी वाटते, तिथे काहीतरी हवं होतं. ती दाढ आदल्याच दिवशी उपटली होती. यावर सगळे आठवडाभर हसले, पण माझा मात्र भाव वधारला. ‘नजर आहे गड्याला’ असं लोक म्हणायला लागले आणि मी ते खरं मानलं. दादासुद्धा मानायचा. स्वतःच्या सख्ख्या भावाने आपलं ऐकावं याचं मला केवढं अप्रूप होतं म्हणून सांगू! लहानपणी त्याने माझं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ.

आता तो फोटो. दादाने लोखंडी पुलाचा तो सकाळचा फोटो टाकला तेव्हा मी छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पाव धरून, फोनच्या वीतभर पडद्यावर तो पाहिला. पूल सुरेख होता. उजव्या कडेला कोणीतरी पाठमोरं उभं होतं. वहिनी, मी शपथेवर सांगतो, मी तुम्हाला ओळखलं नाही. ओळखलं असतं तर लिहिलं असतं का? (जाऊबाईंचं म्हणणं, लिहिलंच असतं, फक्त ‘बाई’ऐवजी ‘वहिनी’ लिहिलं असतं.) मी काय लिहिलं ते तुम्हाला पाठ असेल, पण माफीनाम्यात गुन्हा नमूद करावा लागतो: “पूल उत्तम. मात्र उजव्या कडेची पिवळ्या पिशवीवाली जाडसर बाई लक्ष खेचते. ती कापा, चित्र सुटसुटीत होईल.” त्यातला ‘जाडसर’ हा शब्द तर सपशेल चुकीचा आहे. तो सगळा त्या थंडीच्या कोटाचा फुगा होता. तुम्ही मुळीच जाडसर नाही. म्हणजे असतात तरी बिघडलं नसतं. म्हणजे... हा परिच्छेद इथेच थांबवतो.

दादाने निमूटपणे कापलं. ग्रुपने अंगठ्यांचा पाऊस पाडला आणि तो पूल वाचनालयाच्या सभागृहातल्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. पण त्याआधीच, फोटो काढला त्याच दिवशी, दादा तुम्हाला सांगून बसला होता की या वेळचा फोटो प्रदर्शनात जाणार आणि त्यात तू आहेस. हे मला कुठे ठाऊक होतं? तुम्ही रजा काढलीत, हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातल्या दोन मैत्रिणींना आणि तुमच्या साहेबांना घेऊन आलात, नवा गळपट्टा घातलात. आणि त्या चौकटीत पूल होता, नदी होती, तुम्ही नव्हतात. तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण प्रत्येक चित्राखाली ‘मार्गदर्शक टिप्पणी’ छापून लावण्याची कल्पना दंतवैद्यांना सुचली होती, आणि त्यांनी माझीच निवडली. खाली माझं नाव, आणि समोर तुम्ही, हातात तीच पिवळी पिशवी घेऊन. तुमच्या साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग छताकडे. (माझ्यामुळे लोक फार छताकडे बघतात.) तुम्ही इतकंच म्हणालात, “पूल छान आलाय हो,” आणि गुडघा दुखत असतानाही जिन्यानेच उतरून गेलात. तुम्ही चार शब्द सुनावले असतेत तर मी आज इतकं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

त्यानंतर मी माफी मागायला आलो नाही असं नाही. तुमच्या कार्यालयातच आलो होतो. रांगेत उभा राहिलो, मनात वाक्यं घोटली, आणि खिडकीशी पोचलो तर तुम्ही मान वर न करता विचारलंत, “काय हरवलंय?” मी गडबडलो आणि तोंडातून निघालं, “छत्री.” तुम्ही अर्ज पुढे सरकवलात. रंग विचारलात, काळा म्हणालो. मूठ विचारलीत, वाकडी म्हणालो. मागे अकरा माणसं चुळबुळत होती. तुम्ही आत जाऊन एक छत्री आणलीत, माझी सही घेतलीत आणि म्हणालात, “पुढचे.” मी एका परक्या माणसाची छत्री घेऊन कडक उन्हात घरी आलो.

मग मात्र मी रागावलो. तुमच्यावर नाही, जगावर. ठरवलं की आपली बाजू पुराव्यानिशी मांडायची. तुम्हाला माहीत नसेल, पण मी दादाचे सगळे मूळ फोटो जपून ठेवले आहेत. मुद्रितशोधकाची सवय, न सुधारलेली प्रत फेकायची नसते. दादा कापलेला ठेवतो आणि मूळ पुसून टाकतो, मी मूळ छापून ठेवतो आणि त्यावर लाल पेनाने वर्तुळं काढतो. म्हटलं, अकरा वर्षांचे फोटो काढू, माझ्या सूचना किती योग्य होत्या ते दाखवू. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे मांडले. पहिल्या फोटोत गोदीतल्या बोटी होत्या, डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर, त्याला माझं लाल वर्तुळ. दुसऱ्यात बर्फ पडलेली बाग, खाली एक सावली, तिला वर्तुळ. रेल्वेच्या जुन्या पुलाखाली छत्रीचं टोक, वर्तुळ. बाजारातल्या फुलांमागे पिवळी पिशवी, वर्तुळ, आणि शेजारी माझ्याच अक्षरात ‘कडा स्वच्छ ठेवा’. वहिनी, ते कोपर तुमचं होतं. सावली तुमची होती. टेबलभर तुम्हीच होतात, आणि प्रत्येक ठिकाणी मी तुम्हाला चूक म्हणून दाखवलं होतं. अकरा वर्षांत मी तुम्हाला इंच इंच करून पार काढून टाकलं. मी तिथे बसून रडलो असं लिहिणार नाही, पण जाऊबाईंनी टेबल आवरायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला गाठलं. एका इमारतीच्या तळघरात तो लिफ्टच्या मोटारीचे नट आवळत होता. त्याने ग्रुप सोडला आणि कॅमेरा कपाटावर सुटकेसच्या मागे टाकला हे तुम्हाला माहीतच आहे. मी विचारलं, तू वहिनींना असं कायम कडेला का उभं करतोस? सरळ मधे का नाही घेत? तो नट आवळत राहिला. मग म्हणाला, “ती मधे उभी राहते होय? कॅमेरा तिच्याकडे वळला की तोंड फिरवते. मी पुलाकडे वळवला की निवांत असते, म्हणून पुलाकडे वळवतो. पूल काय, तो कुठे जातोय?” मी म्हटलं, मग शहाण्या, मी कापायला सांगितलं तेव्हा कापलंस कशाला? तर म्हणतो, “तुला कळतं त्यातलं, असं वाटलं.” माझ्यावर त्याचा राग नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा या पत्राबरोबर ते सगळे मूळ फोटो पाठवतोय. लाल वर्तुळं फोटोंवरच काढलेली आहेत, ती निघत नाहीत, त्याबद्दल क्षमा. पण एक सोय झाली आहे, तुम्ही कुठे आहात ते शोधावं लागत नाही. माझं चुकलं. नजर असून मला दिसलं नाही, आणि ते चारचौघांत छापून लावलं गेलं. ग्रुपवर मी तसं लिहिलं आहे. (अप्रतिमकाकांनी त्याखाली ‘अप्रतिम’ लिहिलं.) गुडघ्याला जपा.

आपला शरमिंदा दीर

ता. क. – ती छत्री माझी नाही. खऱ्या मालकाने चौकशी केली असेल तर माझं नाव सांगू नये. सोबत परत पाठवतोय, एक काडी वाकली आहे, ती आधीपासूनच वाकलेली होती.

ता. क. २ – येत्या रविवारी सकाळी दादाला मी लोखंडी पुलावर बोलावलं आहे, कॅमेरा दुरुस्त झाला का ते बघायला. (कॅमेरा बिघडलेला नव्हता. मी त्याला बिघडलाय असं पटवून तो आठवडाभर माझ्याकडे ठेवला होता, नाहीतर तो कपाटावरून उतरला नसता. आता परत दिला आहे.) मी येणार नाही. तुम्ही जावं. उजव्या कडेला उभं राहावं आणि पुलाच्या फोटोला उभ्या आहात असं त्याला वाटू द्यावं. पिशवी न्यायला विसरू नका.

ता. क. ३ – खरं तर पत्र लिहिलं ते यासाठी. माझे स्वतःचे सगळे फोटोही त्याच टेबलावर मांडून पाहिले. पानं, थेंब, दिव्याचे खांब. कडा अगदी स्वच्छ आहेत. एकाही फोटोत तुमच्या जाऊबाई नाहीत, कोपरसुद्धा नाही. काल त्यांना म्हटलं, खिडकीपाशी जरा कडेला उभी राहा, फोटो काढतो. त्या म्हणाल्या, “कशाला? शेवटी कापणारच ना,” आणि नळाखाली बादली सरकवायला गेल्या. हे त्या हसून म्हणाल्या की खरंच म्हणाल्या, ते मला कळलं नाही. तुमचं त्यांच्याशी जुळतं, तेवढं हळूच विचारून कळवा. खरंच म्हणाल्या असतील तर मी पुन्हा तुमच्या खिडकीशी रांगेत येतो आणि नीट अर्ज भरतो. वर्णनाच्या रकान्यासाठी कालपासून बसलोय, अजून दीडच ओळ झाली आहे.