फक्त ड्रम, कोणी गात नाही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

कलीमने डोकं खाल्लं! माझा धाकटा भाऊ. नागपुरात लग्नाच्या हॉलमध्ये साउंड लावतो, म्हणून स्वतःला संगीतातला जाणकार समजतो. म्हणे, लोक आता नेटवर जुने ड्रमवाले शोधून काढतायत — जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे बसून वाजवलं, एकदाच एकट्याचा अल्बम काढला आणि गप्प झाले, असे.

चार अल्बम पाठवले. चारही कव्हरांवर एकेक मिशीवाला, चेहऱ्यावर बायको माहेरी गेल्याचा आनंद. दुकानात झेरॉक्स मारता मारता ऐकले. पहिल्यात वीस मिनिटं गायकाची वाट बघितली. आलाच नाही. चौथ्यात वाट बघायची विसरले, आणि एका बाईंच्या सातबाऱ्याच्या बारा प्रती निघाल्या.

मग आठवलं — आपल्या अब्बांनीही काढली होती की एक कॅसेट!

मंगळवार, ७ जानेवारी

कलीम पेटलाय. ती कॅसेट शोध, मी साफ करून नेटवर टाकतो म्हणाला. त्याचं बरोबर आहे. मोहिउद्दीन ड्रमवाले, म्हणजे आमचे अब्बा, यवतमाळच्या एका स्टुडिओतला हुकमी माणूस. कव्वाली, भजनं, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी — शेकडो कॅसेटमध्ये अब्बा वाजलेत. कव्हरवर गायक, गीतकार, गायकाचे आभार मानणारा मेहुणा, सगळ्यांची नावं. अब्बांचं एकावरही नाही. जेवताना हे आम्ही इतकं ऐकलंय की मला ते भाजीसारखंच वाटतं.

नाव असलेली ती एकच कॅसेट. आणि घरात तिची एकही प्रत नाही.

अम्मीला विचारलं. खोकाभर उरल्या होत्या, तिने शेजारीपाजारी वाटल्या — कोरी कॅसेट म्हणून! मी म्हटलं, अम्मी, त्यात अब्बांचं वाजवणं होतं. ती शांतपणे म्हणाली, हो, पण कोणी गात तर नव्हतं.

माझी आई! धन्य आहे सुग्राबी.

शुक्रवार, १० जानेवारी

आमच्या दारव्ह्यात तेव्हा सगळे हेच करायचे — कॅसेटच्या वरच्या खाचांत कागदाचा बोळा कोंबायचा आणि हवं ते भरायचं. चंदाबाईंकडे एक प्रत सापडली. दोन्ही बाजूंना त्यांच्या लेकीच्या हळदीची गाणी. मध्येच कोणीतरी विचारतंय, बुंदी आली का? बुंदी आली की नाही, ते कळत नाही.

रविवार, १२ जानेवारी

महागावचे बबनराव अब्बांचे जुने दोस्त. त्यांच्याकडची प्रत आणली. सुरुवातीला तीन सेकंद ड्रम — अंगावर काटा! — आणि मग बबनराव: "बंधू आणि भगिनींनो..." सरपंचाच्या निवडणुकीची तालीम. पूर्ण अर्धा तास. पडले, ते बरं झालं.

सोमवार, १३ जानेवारी

अम्मीकडून कळलं, बाभुळगावच्या इंद्रजितकाकांकडे एक असेल. ते आणि अब्बा एकाच बँडमध्ये वाजवायचे. कित्येक वर्षांत दोघांचं बोलणं नाही. का, ते अम्मीलाही माहीत नाही.

अब्बांना सांगितलं, तर ताटावरून उठले. जायचं नाही म्हणाले, ती कॅसेट मेली, मरू दे. वर मलाच रिकामटेकडी म्हणाले! दिवसभर ओट्यावर बसून शेजाऱ्यांच्या कोंबड्या मोजणारा माणूस.

मी जाणार.

गुरुवार, १६ जानेवारी

गेले! टेपरेकॉर्डर पिशवीत घेऊन आधी यवतमाळ, तिथून बाभुळगाव.

इंद्रजितकाकांची पिठाची गिरणी आहे. भुवयांपर्यंत पांढरे. नाव सांगितल्यावर त्यांनी गिरणी बंद केली आणि सून वर्षाला आतून कॅसेट आणायला सांगितली. खाचांत कागद कोंबलेला नाही, कव्हर शाबूत, वर अब्बांचा फोटो. मिशी होती की! चेहराही तसाच, बायको माहेरी गेल्यासारखा.

लावली. पहिली बाजू छान. पण दुसरी — काय लिहू? एकटा ड्रम बोलतोय, भांडतोय, मध्येच हसतोय. मी गिरणीत पोत्यावर बसून रडले. ज्या माणसाच्या चहातल्या साखरेवरून मी रोज वाद घालते, तो हे वाजवत होता! कधी सांगावंसं वाटलं नाही मला, की मी किती मोठ्या माणसाची मुलगी आहे?

काका खाली बघत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "दुसरी बाजू पुन्हा लाव माय. वर्षानं कधी आयकली नाही. आमच्या घरी टेप कुठं होता?"

पुन्हा लावली. कॅसेट घेऊन जा म्हणाले. परत मागितली नाही.

रविवार, १९ जानेवारी

कलीम दुसऱ्या बाजूवर फिदा. तीच आधी टाकायची म्हणतो. अब्बांसमोर लावली, तर त्यांनी स्वतः उठून बटण बंद केलं आणि बाहेर गेले. नखरे! आयुष्यभर नाव नाही म्हणून रडले, आता नाव द्यायला निघालोय तर लाजतायत.

मंगळवार, २१ जानेवारी

नवं कव्हर दुकानातच केलं. मोहिउद्दीन — केवढं मोठं अक्षर! एक प्रत काढून घरी अब्बांच्या उशाशी ठेवली.  रात्री ते जेवले नाहीत.

गुरुवार, २३ जानेवारी

अब्बा दुकानात आले. घरात हिंदी बोलतात, घराबाहेर वऱ्हाडी. कव्हर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले —

"दुसरी बाजू म्या नाही वाजवली. हात सुजलता माहा, अन् स्टुडिओ एकच दिवस भेटलता. इंद्रजितनं वाजवली. नाव टाकतो म्हणलतो त्याले. नाही टाकलं."

मला राग आला. खूप आला. 

"टाक आता," म्हणाले.

टाकलं. मोहिउद्दीनच्या शेजारी इंद्रजित, तेवढ्याच अक्षरात. अब्बांनी वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, त्याचं जरा लहान कर.

मी नाही केलं.