दुसरी गिटार बंद ठेवली आहे

रुसूबाई,

गिऱ्हाइकाकडे कोटाची ट्रायल घ्यायला चालले आहे, उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय. गरम करून खा, उभ्याउभ्या गिळू नकोस.

सकाळी मी नुसतं म्हटलं, "कार्यक्रमात गिटार वाजवताना एकदा चुकलं तर काय बिघडलं?" तर तू दार आपटून गेलीस. जाऊ दे, दार जागेवर आहे.

गेले काही दिवस तू नसताना मी गिटार शिकतेय, त्यासाठी तुझ्या कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर घेतलीत. पहिल्यात तारांचे आकडे असे पळतात, की सुईत दोरा ओवायच्या आत गाणं संपतं. ते काढून टाक, मला नको तेच बटण दाबायची भीती वाटते. दुसरं मात्र माझ्या शिलाई मशीनसारखं आहे. पाय हलका ठेवावा तसा वेग कमी होतो. बिघडलेला तेवढाच तुकडा उसवून पुन्हा शिवावा, तसा परत परत वाजवता येतो. तेच ठेवूया.

कार्यक्रमानंतर तू कपाटावर टाकलेली तुझी गिटार खाली काढून पुसली आहे. माझ्यासाठी मावशीची आणलीय. बाबांनी कानात कापूस घातला, पण घर सोडलं नाही.

तुमचंच कार्यक्रमातलं गाणं लावलंय. त्यात दोन गिटार आहेत. पहिली मला अर्ध्या वेगात जमते, तीही अडखळत. दुसरी गिटार, तुझी, ते सॉफ्टवेअर वाजवतं, अगदी बिनचूक. म्हणून तिचा आवाज मी बंद करून टाकलाय. मला सोबतीला चुकणारं माणूस हवंय.

आई