पुढच्या सीटखालची ओल

८ नोव्हेंबर
पुन्हा ओलं! काल पुसून, पंखा लावून कोरडं केलं होतं. आज गाडीत बसले आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट पचकन दबलं. मोजा भिजला. ऑफिसात दिवसभर एक पाय गार. देवदत्त म्हणतो, "काच उघडी राहिली असेल." कुणाकडून? अर्थात माझ्याकडून! नवऱ्यांचं हे बरं असतं.

१० नोव्हेंबर
काच बंद होती. मी स्वतः बघितली. तरी तळं.
पार्किंगच्या खालच्या मजल्यांवर कधी जागा नसते, गाडी गच्चीवरच लावावी लागते. आणि या देशात पाऊस बारा महिने, रोज दुपारी हजर! शेजारच्या मिस्टर लिमकडून रद्दी आणून आत अंथरली. ते इथल्या ढंगात शेवटी "ला" लावून म्हणे, "आय्या, सेल द कार ला!" सल्ला फुकट मिळतो सगळीकडे.

१३ नोव्हेंबर
जाई नाक धरून — "मम्मा, द कार स्मेल्स लाइक सॉक्स ला!" मी हसले. घरी पोचेपर्यंत हसू गेलं. पोरीची छाती वाजायला लागली, पंप द्यावा लागला. डॉक्टर केव्हाचे सांगतायत, हिला दमा आहे, बुरशीपासून लांब ठेवा. आणि आम्ही तिला रोज बुरशीतूनच शाळेत नेतोय!
देवदत्तने फर्मान काढलं. महिनाअखेरपर्यंत ओल गेली नाही तर गाडी विकायची. बरं. आणि आईंचं काय? सासूबाईंसाठीच तर घेतली ना? गुडघ्यांमुळे त्यांना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत चालवत नाही. दसऱ्याच्या आधी पुण्याहून आल्या त्या चांगल्या दोन वर्षं राहायच्या म्हणून. गाडी गेली की सेंगकांगच्या या फ्लॅटमध्ये कोंडल्या. मग म्हणतील, चालले मी.
मला नाही जाऊ द्यायचं त्यांना. संध्याकाळी दार उघडावं आणि कुणीतरी "दमलीस?" म्हणावं — याची सवय लागलीय मला. लिहून टाकलं एकदाचं.

१४ नोव्हेंबर
आईंचा उपाय : सीटखाली मिठाच्या वाट्या. मीठ ओल ओढतं म्हणे. सिग्नलला ब्रेक मारला, वाट्या उलटल्या, मीठ कार्पेटवर. आता तळ्याचा समुद्र झाला! मी मोठ्याने हसले, तर आईंचा चेहरा एवढासा. हसायला नको होतं.

१९ नोव्हेंबर
गॅरेजवाल्याने दारांची रबरं तपासली. सगळं ठीक म्हणे. "यू मॉनिटर फर्स्ट." मॉनिटरच तर करतेय रे बाबा! दुसरं काय करतेय मी?

२२ नोव्हेंबर
आई कढी ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी आले आणि गाडीला हे लागलं. पोरीचा दमा उलटला. माझा पायगुणच वाईट."
"काहीतरीच काय आई!"
ऐकतायत कुठल्या. देवदत्तला सात डिसेंबरचं तिकीट काढायला लावलं. आणि त्याने काढलंही — मुकाट! त्याच्याशी कडाडून भांडले. तर म्हणे, "तिला राहायचंच नाही, तर काय बांधून ठेवू?" अरे, निदान एकदा "राहा" म्हण की!

२३ नोव्हेंबर
पाऊस. गाडीतली रद्दी पुन्हा बदलली.

२९ नोव्हेंबर
सापडलं!!
भर पावसात छत्री मानेत धरून बॉनेट उघडलं. काचेवरचं पाणी वायपरखालच्या फटीतून खाली वाहून जायला हवं, ते तिथेच तुंबून आत शिरत होतं. हात घातला. हाताला लागला चिकट, काळपट गोळा. ओढला तर लांबच लांब निघाला — दोऱ्यासकट. झेंडू! दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा आईंनी ओवलेला हार!
मग आठवलं. हार सुकल्यावर आई तो हातात घेऊन पार्किंगमध्ये उभ्या होत्या. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, आणि इथल्या पाण्यात काही सोडायची चोरी. "बघते मी कुठेतरी," म्हणाल्या. हे बघितलं होय! म्हणजे पावसाबरोबर आपसूक जाईल म्हणून कोंबलं वायपरखाली. गेलं ते थेट आमच्या कार्पेटात.
असा राग आला! मग एकटीच हसत बसले, चिंब भिजून. पण आई! हे त्यांना कळलं तर? आधीच पायगुण, पायगुण चाललंय. त्यावर शिक्काच बसेल!
वर येऊन सांगितलं, "पाचोळा अडकला होता."
आणि तो गोळा? गंमत म्हणजे मलाही कचऱ्यात टाकवेना. तुळशीच्या कुंडीत माती उकरून पुरला.

३ डिसेंबर
धो धो पाऊस, आणि कार्पेट खडखडीत कोरडं! जाई शाळेतून येताना गाडीतच झोपली. छाती शांत. देवदत्त शीळ घालतोय. गाडी विकायची नाही म्हणे.
आई काय म्हणाल्या? "बघ, माझं जायचं ठरलं आणि कोरडं झालं."
खरं सांगावं तर दोष त्यांचा, न सांगावं तर पायगुण! त्यांची बॅग हॉलमध्ये उघडी पडलीय. येता-जाता पायात येते. मुद्दाम उचलत नाही मी.

५ डिसेंबर
तुळशीला पाणी घालताना आईंना दोरा दिसला. मातीचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर उभ्या. "पाचोळा म्हणे! पाचोळ्याला गाठी कोण मारतं गं?"
बोटांनी गाठ चाचपली — त्यांचीच, दसऱ्याच्या हाराची. मग पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी! "म्हणजे पायगुण नव्हता होय? नुसता माझा मूर्खपणा! अगं, मग आधी नाही का सांगायचं?"
बॅग स्वतः पलंगाखाली सरकवली. म्हणाल्या, पुढच्या दसऱ्याला हार आतल्या आरशाला बांधू. देवदत्त तिकीट रद्द करतोय.