मंडळीसमोर रडल्यानंतर

पपा,

तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला काही सांगावे असे प्रसंग पुष्कळ आले; लिहायला मात्र आजच बसलो आहे, आणि कारण दुःखाचे नाही. मागच्या महिन्यात मी मंडळीसमोर रडलो. डोळे पाणावणे वेगळे, ते झाकता येते. मी पाळकाचा झगा अंगात असताना, कबरीच्या कडेला उभा राहून, हुंदके देऊन रडलो. त्यानंतर जे घडले ते तुम्हाला कळवावेसे वाटते, कारण ज्याची तुम्ही आयुष्यभर भीती बाळगलीत ते घडले नाही.

छावणीतल्या पाळकगृहाची मोरी मला आठवते. तुम्ही दफनविधीहून परत येता, झगा आईच्या हाती देता आणि कोणाशीही न बोलता मोरीत जाऊन कडी लावता. आतून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागतो, तांब्यामागून तांब्या. आई भाकरी थापते आहे. उन्हाळ्यात नळाला जेमतेम पाणी येई. तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा ती कढीपत्त्याला घाली. या आवाजाबद्दल मात्र तिने कधी चकार शब्द काढला नाही. तुम्ही बाहेर येता तेव्हा तुमचे केस कोरडे असतात. आपण काही विचारायचे नाही, एवढे मला त्या वयातही कळत होते. मोठे मामा वारले त्या दिवशी मी चर्चमध्ये रडलो, तेव्हा घरी आल्यावर तुम्ही मला समोर उभे केले होते. “पुढच्या बाकावर बसून रडतोस? लोक आपल्याकडे बघून सावरतात. आपणच ढासळलो तर त्यांनी कोणाकडे बघायचं?” तुम्ही रागावलेले नव्हता. म्हणूनच ते इतके खोल गेले असावे.

पुढे तुम्हीच मला कॉमर्सला घातलेत. या कामाला घरातला एक माणूस पुरे, म्हणालात. मी बी.कॉम. झालो, वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात नोकरी केली, आणि तरीही अखेर तुमच्याच वाटेला आलो. ते पाहायला तुम्ही नव्हता. पन्नाशी उलटते न उलटते तोच तुमचे हृदय बंद पडले. लोक म्हणाले, पाळकसाहेब शेवटपर्यंत उभे होते. ते वाक्य मीही वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले. आज मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे.

या वर्षी मात्र उभे राहणे अशक्य होत चालले होते. कोणाची मुलगी नांदायला जायला तयार नाही, कोणी सोडलेली दारू पुन्हा धरली आहे, कोणाच्या तपासणीत वाईट निघाले आहे. प्रत्येक घरातून मी काहीतरी उचलून बाहेर पडत होतो आणि ते ठेवायला मला जागा नव्हती. एकदा उस्मानपुऱ्यातल्या एका दारासमोर स्कूटर लावून बसून राहिलो. बेल वाजवायला हात उठेना. तसाच परत आलो आणि तुमच्या सुनेला सांगितले, मी राजीनामा देतो. ती म्हणाली, “द्या. पण मंडळीच्या पंचांना तोंडावर सांगा, निरोप पाठवू नका.” पुढच्या रविवारी सांगायचे ठरले, आणि त्याआधीच मंडळीतला बजाजनगरचा एक मुलगा गेला. सव्वीस वर्षांचा. कारखान्यातली पाळी संपवून येताना मोटरसायकल घसरली. घरात विधवा आई आणि तो, दोघेच. तो शाळेत असताना त्याचा बाप्तिस्मा मीच केला होता.

पेटी खाली उतरते. मी मूठभर माती घेतो, आणि ‘मातीला माती’ ही दफनाची वाक्ये, जी मला झोपेतही म्हणता येतील, ती येत नाहीत. साहेब मनात प्रार्थना करताहेत, असे मंडळीला वाटले म्हणे. मग माझाच आवाज मला ऐकू आला. जिचे सांत्वन करायला मी गेलो होतो ती त्याची आई जवळ आली, माझी मूठ उघडून तिने माती आपल्या हातात घेतली. “बसा साहेब. हितं बसा. लई येळ उभं राहिलात. म्या म्हणते.” आणि तिने ती वाक्ये म्हटली, एकही शब्द न गाळता. मागून मंडळीने गीत उचलले. जरा वरच्या पट्टीत, कारण सूर द्यायला मी नव्हतो.

संध्याकाळी मी तिच्या घरी क्षमा मागायला गेलो. तिने बोलूच दिले नाही. “माझ्या मालकाची माती तुमच्या पपांनीच केली व्हती. लई खंबीर माणूस. पण खरं सांगू का साहेब, त्यांच्याम्होरं रडायचं भ्या वाटायचं. वाटायचं, आपलाच विश्वास कमी पडला. आज माझ्या पोरासाठी तुम्ही रडलात. मी एकटी नाय रडले.”

रविवारी मी राजीनाम्याचे बोललो. सर्वांत वयस्कर पंच म्हणाले, “राजीनामा? मग उपदेश काय मी करू? अर्धी मंडळी दुसऱ्या चर्चात जाईल! घरोघरच्या भेटी आम्ही वाटून घेतो. तुम्ही रविवारचं तेवढं बघा. आन् नाय जमलं, तर तेबी सांगा.” इतके सोपे होते ते. मी राहिलो.

पपा, हा तुमच्यावर ठपका नाही. तुम्हाला तसेच शिकवले गेले होते. फक्त एवढेच, की तुम्ही ती कडी काढली असती तर बाहेर आई होती, आणि मंडळीतही कोणीतरी असतेच.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एक कबूल करून टाकतो. गेल्या रविवारी एका पंचाने प्रार्थना चालवली. पाळक झाल्यापासून मी प्रथमच मंडळीत बाकावर बसलो होतो. प्रार्थना लांबली. सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणायचे माझे राहून गेले, कारण मला झोप लागली होती. तुमची सून म्हणते, मी घोरलो नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवायचे ठरवले आहे.