आबांची डबी

आबा,

तुमच्यावर रागवायला आता घरात मी एकटीच उरले आहे. माय गेली त्याला चार वर्षं झाली, मी शाळेतून निवृत्त झाले, आणि जळगावच्या या दोन खोल्यांत दिवसभर गप्प बसून बसून मला तुमच्याशी भांडायची खुमखुमी येते. परवा बाजारात केळीचा ट्रक उभा होता. हिरवे घड, वर केळीचीच पानं झाकलेली, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात टाकून बसलेला. मी थांबून त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघितल्या. ही माझी जुनी खोड आहे. माणूस भेटला की आधी तो खरा जागा आहे का ते बघायचं, मग नमस्कार. ती तुम्ही लावलेली आहे, आणि ती काही सुटत नाही.

तुम्ही रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीला न्यायचात. केळी हिरवी निघते आणि पिवळी व्हायच्या आत दिल्ली गाठावी लागते. केळं ड्रायव्हरची वाट बघत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. इंदूरच्या पुढच्या ढाब्यांवर चहाबरोबर अफू मिळायची. पाठ मोडली की गोळी, डोळा मिटायला लागला की गोळी. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग तुरीएवढी, आणि मी सातवीत होते तेव्हा हरभऱ्याएवढी. बामच्या रिकाम्या डबीत ती काळी, चिकट वडी असायची, आणि धुळ्याला घरी आलात की डबीची जागा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीमागे. ती काढून तुमच्या हातात द्यायचं काम माझं. कधी कंबर, कधी पोट, कधी डोकं. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "तुना बापनं बठ्ठं दुखनं त्या डबीमा शे." एकदाच मी ती पिठाच्या डब्यात लपवली. तुम्ही मारलं नाहीत. चुलीपाशी पोट धरून बसलात आणि लहान पोरासारखे रडलात, आणि शेवटी मीच पिठात हात घालून ती काढून दिली. तुमचं दुखणं खरंही असतं, खोटंही असतं आणि दोन्हींवर औषध एकच, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे मी नको तिथे ते वापरलं.

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं. ढाब्यावरच्या कोणीतरी तुम्हाला पढवलं होतं की अफू काळजाला बळ देते, म्हणून तुम्ही वर्षभर गोळी वाढवत गेलात आणि जिना चढताना मधेच बसत गेलात. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. काही व्यसन? मी मायकडे बघितलं. बाहेरच्या बाकावर तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, "डाक्टरले काहीच सांगानं नही. लोके काय म्हनतीन? मनी आन शे तुले." मी शिकलेली, मास्तरीण, दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणारी. मी सांगितलं, "तंबाखू खायचे, तीही सोडली."

तिसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला ओळखेनासे झालात. अंगाला घाम, नाकाडोळ्यांतून पाणी, एकसारख्या जांभया, पोट चाललेलं, आणि छातीवर ताजे टाके असताना तुम्ही उठून बसायला धडपडत होता. सलाइन दोनदा उपसलंत, म्हणून त्यांनी तुमचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले. मोठ्या ऑपरेशननंतर काही जणांना असा भ्रम होतो, असं ते म्हणाले. मी काचेबाहेर उभी आहे. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता आहात, आणि तुम्हाला भ्रम झालेला नाही हे त्या अख्ख्या दवाखान्यात फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. दोन दिवस मी गप्प राहिले, आबा. दोन दिवस. मग डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर बांधावं लागलं नसतं." त्यांनी औषध सुरू केलं, रोज थोडं थोडं कमी करत नेलं. मायची आन मोडली म्हणून ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

घरी आल्यावर तुम्ही उशी छातीशी धरून खोकायचात. पायातली शीर काढून काळजाला लावली म्हणून पायही सुजलेला. औषधाची शेवटची गोळी संपली त्या सकाळी तुम्ही मला हाक मारलीत, पिशवीच्या तळातून डबी काढलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. अर्धी भरलेली होती. "पांझरामा टाकी दे," म्हणालात. मला रडू आलं, तर तुम्ही हसायला लागलात, टाके दुखले म्हणून पुन्हा उशी धरलीत. "तू बी खायेल शे. तुनी माय कापूस येचाले जाये तवय तुले बोट चाटाडे. तू सुटनी ना? मंग मी बी सुटसू." मायनं मला लहानपणी अफू चाटवून बांधावर निजवलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी डबी पदराखाली घेऊन नदीकडे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. तुम्ही विचारलंत, "टाकी का?" मी म्हटलं, टाकली.

ते चार महिने मी अजून पुरवून पुरवून आठवते. तुम्हाला झोप यायची नाही, पिंडऱ्या वळायच्या, कशानेही डोळे भरायचे. टीव्हीवर बातम्या देणारी बाई हसली तरी भरायचे. पण तुम्ही जागे होता. तीस वर्षं झापडीत असलेला माणूस उठून स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, भरताची वांगी मी भाजतो. कळण्याच्या भाकरीला चव असते, हे तुम्हाला नव्यानं कळलं. संध्याकाळी आपण पांझरेच्या काठानं चालायला जायचो, आधी विजेच्या खांबापर्यंत, मग देवळापर्यंत, मग पुलापर्यंत. पुलावर उभं राहून तुम्ही रोज पाण्याकडे बोट करायचात, "तठे गयी ती. आते मासा झिंगतीन." रोज तोच विनोद आणि रोज मी हसायची.

आणि मग तो सोमवार. नुकतीच माझी जळगावच्या शाळेत बदली झाली होती, शनिवारी धुळ्याला येऊन सोमवारी सकाळच्या एस.टी.नं परत जायची. पिशवी खांद्याला, चप्पल पायात. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला होता, कपाळावर घाम, डावा हात उजव्या हातानं दाबत. लेकीला मारायची ती हाक मारलीत, "आंडेर, आजनी बस सोडी दे. बरं वाटत नही." माय दळण घेऊन गिरणीत गेली होती. मी तुमच्याकडे बघितलं, तोच घाम, तीच लाचार नजर, आणि माझं डोकं फिरलं. चुलीपाशी पोट धरून बसलेले तुम्ही मला दिसलात. मी म्हणाले, "डबी पाहिजे म्हणा ना सरळ." तुम्ही अगदी हळू म्हणालात, "हाई ते नही शे, आंडेर. हाई दुसरं शे." मी ओव्याचं गरम पाणी करून तुमच्यापुढे आदळलं. म्हणाले, "तीस वर्षं हेच ऐकतेय." आणि गेले. वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर देऊन बसले असते, असं मला वाटत होतं. पारोळा, एरंडोल, खिडकीतून वारा, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटते आहे की या वेळी तरी मी विरघळले नाही. शाळेत तिसरा तास चालू असताना शिपाई आला, हेडमास्तरांच्या खोलीत फोन आहे. शेजाऱ्यांचा होता. तुम्हाला दवाखान्यात नेताना रिक्षातच सगळं आटोपलं होतं. ओव्याचं पाणी तुम्ही प्यायला होता, पेला उंबऱ्याशी पालथा घालून ठेवला होता, हे मायनं मला नंतर सांगितलं.

लोक म्हणतात, तू असतीस तरी काय केलं असतंस? मी काय केलं असतं ते सोडा. मी तुम्हाला खोटं ठरवलं आणि तुम्ही ते ऐकून मेलात, याला कुठल्या देवाकडे उपाय नाही. नवस मी केलेच नाहीत. अस्थी मीच पांझरेत सोडल्या, तरी काही हलकं झालं नाही. वय वाढलं की दुःख बोथट होतं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही.

आता जे सांगायला बसले होते ते. त्या दिवशी मी नदीवर गेले, पुलावर उभी राहिले, डबी हातात होती, आणि मी ती टाकली नाही, कमरेला खोचून परत आणली. तुम्ही पुन्हा तडफडाल, मग निदान ज्वारीएवढी तरी देता यावी, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की तुम्ही सुटाल यावर माझा एक दिवसही विश्वास बसला नाही. तुमच्या लेखी ती पाण्यात होती, म्हणून मागायचा प्रश्नच नव्हता. माझ्या लेखी ती घरात होती, म्हणून उंबऱ्यात बसलेले तुम्ही मला मागणारेच दिसलात. पुलावर रोज तुम्ही पाण्याकडे बोट केलंत, आणि मी रोज हसले. त्या सोमवारी एस.टी.त डबी माझ्या पिशवीत होती, आबा. अजून आहे. वडी वाळून दगड झाली आहे. गेल्या महिन्यात ती घेऊन मुद्दाम धुळ्याला गेले, पुलापर्यंत चालत गेले, आणि तशीच परत घेऊन आले.