डोंगरावर ठेवलेल्या वहाणा

१२ जून, रात्र

प्रिय 'अहो',

लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी तुम्हाला कागदावर काय म्हणावं ते अजून ठरत नाही, म्हणून घरात म्हणते तेच लिहिलं. गोळ्या वेळेवर घेताय ना? सारिका पेजेत मीठ कमी घालते, तेवढं चालवून घ्या. शेजारीण असून सख्ख्या भाचीसारखं करते ती. ह्या पानांचे फोटो काढून तिच्याच फोनवर पाठवणार आहे, ती तुमच्यासमोर धरील. तिने वाचलं तरी वाचू दे. आता आपल्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही, ते पुढे कळेलच.

अनू बरी आहे, हे आधी सांगते. काळवंडली आहे आणि तिच्या गालांची साल निघते, पण अंगात ताकद केवढी! पहिल्याच रात्री मला म्हणाली, "आई, उद्या तू माझी आई नाहीस हं. ग्रुपमधली बाई आहेस. पाणी पी म्हटलं की प्यायचं, थांब म्हटलं की थांबायचं." मी म्हटलं, "आणि माझं ऐकायची सवय तुला कधी होती?" तेव्हा हसली. घर सोडल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं.

ह्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि आमची वाटाडी अनूच. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. आमच्यात पुण्याचं एक जोडपं आणि बंगळूरची तीन मुलं होती. सगळी तिला 'अनुजा मॅडम' म्हणत होती. आधी देवदाराचं रान, मग भूर्जाची पांढरी झाडं. त्यांची साल कागदासारखी सुटते. शाळेत सिस्टर आग्नेस लाकडाच्या भुशाचा हिमालय करायच्या आणि शिखरांवर खडूची पूड टाकायच्या. वर्गात पंखा लावला की आमचं बर्फ उडून जायचं. खरं बर्फ दिसलं तेव्हा मला तो वर्ग आठवला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "किशोरी, पुरे झाली ती कॉन्व्हेंटची पुराणां, खाली बघान चल."

वर हवा विरळ. दहा पावलं टाकली की छातीत भाता चालतो. अनू पुढून ओरडायची, "सावकाश! इथे कुणी बक्षीस देत नाही!"

आता त्या वहाणांचं लिहिते. बरेच परिच्छेद टाळलं.

मी बॅग भरत होते तेव्हा तुम्ही चांगल्या पायाने तुमच्या नव्या वहाणा माझ्याकडे ढकलल्यात. दत्तारामाने शिवलेल्या, तुमच्या उजव्या अंगठ्यासाठी पट्टा रुंद केलेल्या. झटका आला त्याच्या आदल्या आठवड्यात आणलेल्या, एकदाही न घातलेल्या. मी विचारलं, "ह्या न्यायच्या?" तुम्ही घशातून आवाज केलात. मग मला वेतोबा आठवला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात, हे लग्नानंतर तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलंत. तेव्हा मी हसले होते आणि तुम्ही दोन दिवस अबोला धरला होतात. ह्या खेपेला मी हसले नाही. विचारलं, "अनूच्या डोंगराला राखणदार असेल, त्याला द्यायच्या?" तुम्ही डोळे मिटलेत. मी ते 'होय' समजले.

ओढ्यापाशी सगळे खायला बसले तेव्हा मी जरा बाजूला गेले. पाण्याच्या कडेला एक सपाट दगड होता. त्यावर वहाणा शेजारी शेजारी ठेवल्या, तोंडं पाण्याकडे करून. हात जोडले, म्हटलं, माझ्या मुलीच्या मागेपुढे राहा. आणि येऊन पराठा खाल्ला.

आम्ही वर कुरणापर्यंत पोचलो आणि अनूचा वॉकीटॉकी खरखरला. पुलावरच्या वनरक्षकाचा आवाज होता. "जूते मिले हैं, आदमी नहीं मिला." पाण्याच्या काठी कुणी पादत्राणं काढून ठेवलेली दिसली की हे लोक एकच अर्थ काढतात. कुणी तरी आत गेला. सगळे गट जागच्या जागी थांबवले. अनूने आमची डोकी मोजली, आम्हाला हलायचं नाही म्हणून बजावलं आणि दोर घेऊन उतारावरून धावत सुटली.

मला समजेपर्यंत ती खाली पोचलीसुद्धा. वरून स्पष्ट दिसत होतं. ओढ्यावर अजून बर्फाचा पापुद्रा आहे, खालून पाणी धावतं. माझी मुलगी कमरेला दोर बांधून त्या पापुद्र्याच्या कडेला ओणवी झाली होती. नसलेल्या माणसाला शोधत होती.

मी उठले, हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दम नव्हता. 'अनू' एवढी दोन अक्षरं. ओठ हलत होते, हात हलत होते, आणि पुण्याची बाई मला धरून विचारत होती, "काकू, काय होतंय? पाणी हवंय का?" मी मान हलवत होते आणि ती पाणीच पाजत होती. अहो, आठ महिने मी तुमच्याशी हेच करत आलेय. तुम्ही काही सांगू बघता आणि मी पाण्याचा पेला पुढे करते.

शेवटी त्या बाईला माझे शब्द उमगले. बंगळूरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अनू वर आली, हातात वहाणा. मला वाटलं ओरडेल. पण ती त्या रुंद पट्ट्यावरून अंगठा फिरवत होती. इतकी वर्षं माझ्याशी फोनवर नीटनेटकं मराठी बोलणारी मुलगी एकदम तुमच्या मालवणीवर आली.

"आई, ह्यो वाणो बाबांच्यो. नव्यो कोऱ्यो. हयसर कश्यो इल्यो?"

मी वहाणा घ्यायला हात पुढे केला, तिने दिल्या नाहीत.

"खरा सांग माका. बाबा चलतत मा?"

तुम्ही खुणेने बजावलं होतंत, तिला कळवायचं नाही. मी आजवर पाळलं. फोनवर विचारायची तेव्हा 'बरे आहेत, बागेत आहेत' म्हणायचे. पण त्या उंचीवर खोटं बोलायलाही दम लागतो. सांगितलं सगळं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समजतं सगळं.

तिने ऐकलं, वहाणा सॅकमध्ये भरल्या, तोंड पुसलं आणि वळून म्हणाली, "चला, पाणी प्या सगळ्यांनी. आता उतरायचंय." पूर्ण उतार मी तिच्या पाठीकडे बघत उतरले. खाली वनखात्याच्या साहेबाने तिला बरंच सुनावलं. ती म्हणाली, माझ्या गटातलं माणूस, चूक माझी. 'माझी आई' म्हणाली नाही.

जेवल्यावर चुलीपाशी बसलो तेव्हा बोलली. साखरपुड्याच्या तोंडावर ती घर सोडून निघाली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "जातंस तर जा, पण परत ह्या उंबऱ्यार पाय ठेव नको." आणि तिने सांगितलं होतं, तुमच्या तोंडून 'ये' ऐकल्याशिवाय येणार नाही. दोघंही तुमच्याच घराण्याची.

"बाबा फोन करतील म्हणून मी रेंज असलेली खोली घेतली, आई," ती म्हणाली. "दर रविवारी वाट बघायचे. आणि तू मला सांगत होतीस, बागेत आहेत."

लग्न झाल्यापासून मी कधी तुमच्या नावाने परस्पर काही ठरवलं नाही. आज तुम्हाला न विचारता बोलले. म्हटलं, "अनू, बाबा म्हणतात, ये."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग हळूच म्हणाली, "ह्यां तू म्हणतंस, आई."

तुम्ही ते म्हणाल की नाही, हे तरी मला कुठे ठाऊक आहे? त्या वहाणा राखणदाराला द्यायच्या होत्या, की तिला दाखवायच्या होत्या, की तुम्ही भलतंच काही सांगत होतात? तेसुद्धा मला कळलं नाही, आणि तुम्ही सांगू शकत नाही. तिला पहाटे दुसरा गट घेऊन जायचं आहे. झोपायला गेली. दार लोटलं आहे, लावलेलं नाही. दिवा अजून जळतोय, पण आत जाऊन बोलू काय?

गुडघा सुजला आहे, तेव्हा रविवारपर्यंत मी इथेच. येताना एकटीच येईन असं धरून चाला.

इतकी वर्षं तुमच्याशेजारी राहून तुमचा एक शब्द तुमच्यासारखा म्हणता न आलेली,
किशोरी