एका कॅमेऱ्यापुरती त्रुटी राहू द्यावी

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
घरगुती उपकरणे तपासणी कक्ष.

विषय : मीच कळवलेली त्रुटी येत्या सोमवारी दुरुस्त होताना एका कॅमेऱ्यापुरती शिल्लक ठेवणेबाबत.
संदर्भ : 'दुरुस्तीस नव्वद दिवस लागतील, तोवर कोठेही वाच्यता करू नये' हे कंपनीचे मला आलेले उत्तर.

महोदय,

१. मी घरगुती कॅमेरे दुरुस्त करतो. जिन्याखाली दुकान आहे. दुरुस्तीनंतर कॅमेऱ्याच्या बुडावरचा क्रमांक वाचून मोबाईलमध्ये टाकायचा असतो. मी तो एकदा बघून तोंडपाठ टाकतो. शहाणपणा, दुसरे काय! त्या दिवशी शेवटचा आकडा चुकला आणि पासवर्ड न विचारताच परक्या घरातली खोली समोर आली. खुर्चीत एक आजोबा, शेजारी गोळ्यांचा डबा.

२. सदर त्रुटी मी त्याच दिवशी कंपनीस कळवली. इथवर माझे वागणे सरळ होते. पुढचे लिहिताना लाज वाटते. दुरुस्ती झाली का हे तपासण्याच्या नावाखाली मी रोज दुपारी त्या खोलीत बघत राहिलो. एकदा बघितले तर ती तपासणी. ऐंशीहून अधिक दिवस बघितले, त्याला चोरून बघणेच म्हणतात.

३. बाराव्या दिवशी आजोबांनी गोळी घेतली आणि पाच मिनिटांत विसरून पुन्हा डबा उघडला. मला राहवले नाही. कॅमेऱ्याला स्पीकर आहे. "आजोबा, घेतलीत की आत्ताच!" असे मी ओरडलो. ते दचकले, मग "बरं बाळा" म्हणून त्यांनी डबा मिटला. बेचाळिसाव्या वर्षी मी त्यांचा नातू झालो आणि तो गैरसमज तसाच राहू दिला. तेव्हापासून मी सांगितल्याशिवाय ते डब्याला हात लावत नाहीत. ही सवय मी लावली. माझा खरा अपराध हाच.

४. कंपनीकडे त्या घरचा पत्ता मागितला. 'ग्राहकाची खासगी माहिती देता येत नाही' असे कळवण्यात आले. घराघरांची दारे सताड उघडी ठेवणाऱ्यांनी हे मला शिकवावे! पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? पोलिसांकडे जाऊन दारातून परत आलो, कारण गुन्हा सांगायचा तर आरोपी मीच. आजोबांना पत्ता विचारला. त्यांनी चार दिवसांत चार सांगितले. चारही ठिकाणी जाऊन आलो. एका जागी आता पेट्रोल पंप आहे.

५. सोमवारी दुरुस्ती होताच माझा आवाज बंद होईल आणि आजोबा वाट बघत बसतील. तरी कंपनीने त्यापूर्वी घरच्यांना फोन करून गोळ्यांचे सांगावे, असा आदेश व्हावा. ते जमणार नसेल तर त्या एका कॅमेऱ्याची त्रुटी तशीच ठेवावी. ही मागणी वेडेपणाची आहे हे मला कळते. माझ्यावर जरूर कारवाई करावी. चौकशीची वेळ मात्र दुपारी दोनची नसावी, ती गोळीची वेळ आहे.

६. काल मनाचा हिय्या करून आजोबांना खरे सांगितले, की मी तुमचा नातू नाही, चोरून बघणारा परका माणूस आहे. ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "ते कधीच कळलंय रे. माझा नातू इतक्या वेळा कुठला यायला! आता गोळी घेऊ का, ते सांग."

आदेशाची आणि शिक्षेची वाट पाहणारा,
(सही)
कॅमेरे दुरुस्त करणारा
दिनांक : शुक्रवार, सोमवारला तीन दिवस

सोबत : कॅमेऱ्याचा क्रमांक, कंपनीचे पत्र, गोळीची वेळ.